छकुलीचं कडवं

सावळातात्यानं उभ्या आयुष्यात तीनशेच्या वर पोरींना रडवलं होतं, आणि ह्या गोष्टीचा त्याला कोण गर्व! पोरींनाच कशाला, त्यांच्या आयांना, मामांना, मांडवातल्या आचाऱ्याला, वरातीच्या घोडेवाल्याला. कळस गावच्या एका लग्नात तर फोटोग्राफरच असा हुंदके द्यायला लागला, की त्या अल्बमात पाठवणीचा एक फोटो म्हणून नाही. हा किस्सा सांगताना तात्याचा हात मिशीवर गेल्याशिवाय राहायचा नाही.

लासुर्ण्यात कालव्याखाली दीड एकर ऊस, दारात दोन म्हशी, आणि गावात सरळ माणूस म्हणून नाव. एवढ्यावर एखादा गप पडला असता. पण ह्याला गाणी सुचायची, त्याला कोण काय करणार? बावीस वर्षांचा होता तेव्हा थोरल्या बहिणीच्या पाठवणीला बँडवाल्यानं भलतंच नाचाचं गाणं सुरू केलं. बहीण गाडीत चढता चढता थांबली, बाप खाली मान घालून उभा. हा पोरगा तिरीमिरीत पुढं झाला, बँडवाल्याच्या हातातला माईक हिसकला आणि उभ्याउभ्या चार ओळी जुळवून म्हटल्या. बहिणीच्या लाडक्या कालवडीचं नाव होतं त्यात, तिच्या हातच्या करपक्या भाकरीची चेष्टा होती. वऱ्हाडातली मिशाळ माणसं फेट्याच्या शेवानं डोळे पुसायला लागली. झालं! त्या दिवसापासून पंचक्रोशीत लग्न ठरलं, की आचाऱ्याच्या आधी सावळारामला सांगावा.

त्याची रीत ठरलेली. लग्नाआधी दोन दिवस तो नवरीच्या घरी जायचा, तिच्या आईला पुढ्यात बसवायचा आणि खोदून खोदून विचारायचा. पोरगी लहानपणी कशाला भ्यायची? रुसली की कुठं जाऊन बसायची? आमटीला मीठ कमी घालते का जास्त? आई सांगत जायची, रडत जायची आणि गाणं तिथंच अर्धं व्हायचं. नवरीला मात्र एक अक्षर विचारायचं नाही. ती आसपास दिसली तरी तिला हुसकून लावायचं. "तिनं आधी आयकलं तर मांडवात रडंल कशी?" हे त्याचं म्हणणं, आणि चाळीस वर्षांत ते कुणाला चुकीचं वाटलं नाही.

पाठवणीला पेटी घेऊन गायचा तो त्याचा दोस्त जयवंता, कारण तात्याचा स्वतःचा आवाज म्हणजे फुटका पत्रा. गाणं संपलं, की तात्या तो कागद घडी घालून नवरीच्या ओटीत, नारळ-तांदळाशेजारी ठेवायचा. नक्कल ठेवायची नाही. ते गाणं पुन्हा कुठं म्हणायचं नाही. बदल्यात टॉवेल, टोपी, नारळ. बस्स. मध्यंतरी पुण्याचे कॅसेटवाले येऊन हातापाया पडले, तर ह्या बहाद्दरानं त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. "एकीच्या हळदीची साडी दुसरीला नेसवायची व्हय?" म्हणाला. आता असल्या माणसाला अडाणी म्हणायचं का देवमाणूस, ते तुमचं तुम्ही ठरवा.

तर हा सावळातात्या ह्या फाल्गुनात निमगाव केतकीच्या बाजारात म्हशीला दावं घेत उभा होता. दाव्याचा पीळ बघत होता, दुकानदाराशी हुज्जत घालत होता. तेवढ्यात रस्त्यानं हळदीचा टेम्पो आला. मागं भिंतीएवढे स्पीकर, पुढं पिवळी झालेली पोरंपोरी नाचताहेत. आणि त्या स्पीकरातून एका बाईचा आवाज आला,

*घास अडला ओठाशी, पाय अडला जोत्याशी,*
*लेक निघाली सासरी, ऊन आलं उंबऱ्याशी…*

तात्याच्या हातातलं दावं खाली पडलं.

हे गाणं त्यानं लिहिलं होतं. स्वतःच्या पोरीसाठी! छकुलीच्या लग्नाला ह्या उन्हाळ्यात तीन वर्षं होतील. एकुलती एक लेक, सांगवीच्या युवराजला दिली, आणि तिच्या ओटीत त्यानं स्वतःच्या हातानं तो कागद ठेवला होता. जगात तो एकच कागद. तात्यानं कान टवकारले. चुकून दुसरं काही असेल? छे!

*जा गं छकुले सुखानं, नको मागं पाहू फार,*
*तुझ्यासाठी उघडंच, तुझ्या तात्याचं हे दार.*

नाव सुद्धा तेच! बाईचा आवाज त्या यंत्रात घालून असा पिळला होता, की कुणाचा ते कळत नव्हतं. खाली ढोल दणदणत होता. आणि पोरं चक्क नाचत होती त्यावर. एक पोरगी तर रडता रडता नाचत होती.

"तात्या, दावं घेताय का न्हाय?" दुकानदार म्हणाला.

"माझी पोरगी वाजतीया," तात्या म्हणाला. दुकानदाराला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं.

घरी आला तो तणतणतच. बायको प्रयागबाई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. तात्यानं टोपी काढून आदळली. "चोरी झाली! छकुलीचं गाणं चोरलं कुणीतरी! भर बाजारात टेम्पोवर वाजिवत्यात!"

प्रयागबाईनं शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "असंल," म्हणाली.

"असंल? असंल काय? अगं, पोरीची इज्जत हाय ती! नाव हाय तिचं त्यात!"

"चांगलं वाजत व्हतं का?"

तात्या तिच्याकडं बघतच राहिला. बाई चाळीस वर्षं संसारात असून असला प्रश्न विचारते! तो तसाच उठला आणि जयवंताच्या घरी गेला, कारण कागद सोडला तर ते गाणं ठाऊक असलेला दुसरा माणूस तोच. दारातूनच ओरडला, "जयवंता, किती टॉवेल-टोप्या घेतल्यास रं गाणं इकायला?"

जयवंता बिचारा दाढी करत होता. अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून त्यानं पेटीवर हात ठेवून शपथ घेतली. "आईची आण! चाळीस वर्सं तुजं गाणं मांडवाभाईर काढलं न्हाय मी!" मग त्यानंच फोन आणला, नाकाशी धरून खालीवर केला आणि तात्यापुढं धरला. गाण्याचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा होता. त्या तुकड्यावर कुठल्या कुठल्या पोरी डोळ्यांत पाणी आणून स्वतःचे फोटो फिरवत होत्या. नाशिकची एक. कोल्हापूरची एक. एक तर दुबईत बसून रडत होती. खाली लिहिलं होतं, पाच लाख माणसांनी ऐकलं.

"पाच लाख?" तात्यानं विचारलं. चाळीस वर्षांत त्याच्या सगळ्या मांडवांतली माणसं मोजली असती तरी तेवढी भरली नसती.

"हितं स्टुडिओचं नाव हाय," जयवंता म्हणाला. "बारामतीचा हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तात्यानं धुतलेलं धोतर नेसलं. प्रयागबाई अडवेल असं त्याला वाटलं होतं, कारण दर वेळी ती अडवायची. तिनं उलट पिशवीत भाकरी बांधून दिली. "जावा," म्हणाली. "जायलाच पायजे तुमी." तिचा आवाज जरा हलला, पण तात्या आधीच भांडणाची वाक्यं जुळवत होता, त्याच्या काय ध्यानात येणार!

स्टुडिओ म्हणजे मोबाईलच्या दुकानावरची एक खोली. भिंतींना अंड्याच्या ट्रेसारखं काहीतरी चिकटवलेलं, एक टेबल, एक संगणक, आणि मागं काचेआड उभं राहून गायची अंधारी जागा. मालक ऋषिराज, पंचवीस-सव्वीसचा, कानात बाळी. तात्यानं वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं एका दमात त्याच्या अंगावर फेकली. चोर म्हणाला, दरोडेखोर म्हणाला, पोलिसात देतो म्हणाला. पोरगं ऐकून घेत होतं. तात्याला खोकला आला तेव्हा त्यानं पाण्याची बाटली पुढं केली.

"काका, तुम्ही लासुर्ण्याचे सावळाराम का?"

"व्हय! तुला कसं ठावं?"

ऋषिराज उठला आणि वाकून चक्क पाया पडला. मग संगणकावर बोट ठेवून दाखवलं. गाण्याच्या नावाखाली लिहिलं होतं, 'गीत : सावळाराम आणि छकुली. गायिका : छकुली.'

तात्यानं ते तीनदा वाचलं. "कोण छकुली?"

"तुमचीच की! ताईंनी स्वतः कागद आणून दिला. ताईंनीच गायलंय. मी काय चोरणार, काका? मी तर नुसता ढोल लावला."

तात्या मटकन खुर्चीत बसला. बापाला चोर सापडला होता, आणि चोर त्याच्याच घरचा निघाला! पोरगी गाते? कधी गायला लागली? घरात गुणगुणायची, हे खरं. पण घरात म्हशी पण हंबरायच्या, तात्यानं कधी कान देऊन ऐकलं होतं थोडंच. आणि 'आणि छकुली' म्हणजे काय? गाणं त्यानं एकट्यानं लिहिलं होतं. इतर पोरींसाठी निदान त्यांच्या आईला विचारायचा, आपल्या पोरीच्या वेळी तेवढंही कुणाला विचारलं नव्हतं. स्वतःच्या लेकीबद्दल दुसऱ्याला काय विचारायचं?

"तिचं काय हाय ह्यात?" त्यानं विचारलं. आवाजातली मिजास अजून गेली नव्हती.

"शेवटचं कडवं. मोबाईलवर फिरतोय तो पहिला तुकडा आहे. तुम्ही पुरं ऐकलंच नाही का?" ऋषिराजनं बटण दाबलं.

आधी तात्याच्या ओळी आल्या. ढोल फक्त त्या फिरत्या तुकड्यावर होता; इथं नुसती पेटी आणि आवाज. आणि आता तो आवाज ओळखू आला. हा आवाज त्याला 'तात्या, जेवायला चला' म्हणून बांधावरून हाक मारायचा. 'तुझ्या तात्याचं हे दार' ही ओळ संपली. पेटी थांबली. मग काहीच न वाजता नुसता आवाज आला,

*दार होतं उघडंच, तात्या, खोटं न्हाय काई,*
*चहा दिला, पाणी दिलं, 'काय गं?' पुसलं न्हाई.*
*दोनची गाडी गाठली, पिशवीसंगं धाडलं,*
*दार उघडं ठेवून मला बाहेर काढलं.*

तात्यानं टेबलाची कड धरली होती आणि ती सोडायचं त्याला सुचत नव्हतं. एखाद्यानं भर चौकात थोबाडीत मारावी तसं त्याचं झालं. आणि हे पुरं गाणं किती माणसांनी ऐकलं असेल!

आता ती गोष्ट काय होती, ते सांगितलं पाहिजे. लग्नाला वर्ष होत आलं होतं, वैशाखाचं ऊन. छकुली एका सकाळी न सांगतासवरता लासुर्ण्याच्या फाट्यावर एसटीतून उतरली आणि हातात पिशवी घेऊन दारात आली. प्रयागबाई तेव्हा भावाकडं गेलेली. तात्यानं पोरीला बघितलं, पिशवी बघितली आणि त्याला जे समजायचं ते समजलं. काहीतरी धुसफूस झाली असणार. आता हिला 'काय झालं' विचारलं, की ही रडणार, रडली की राहणार, राहिली की गाव विचारणार. तीनशे पोरींना गाणं म्हणून सासरी धाडलेल्या माणसाची स्वतःची पोरगी वर्षात परत! म्हणून त्यानं तिला चहा करून दिला, उसाची, म्हशींची, पावण्यारावळ्यांची इकडची तिकडची बोलणी काढली आणि दुपारी दोनच्या गाडीत बसवली. तिकीट स्वतः काढलं. खिडकीतून तिच्या हातात चिक्कीचा पुडा सुद्धा दिला. गाडी गेली तेव्हा त्याला वाटलं, आपण काय खुबीनं पोरीचा संसार सावरला! प्रयागबाईला त्यानं हे मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं.

"मी तिच्या भल्यासाठीच केलं," तात्या म्हणाला. ऋषिराजनं काही विचारलं नव्हतं, तरी म्हणाला.

पोरगं अवघडून गेलं. विषय बदलावा म्हणून कौतुक करायला लागलं. "ताईंचा कान काय तयार आहे, काका! एका कानावर एवढं सुरात गाणं म्हणजे खायचं काम नाही. हेडफोन एकाच बाजूला लावतात, बाकीचे गायक दोन्ही लावून बेसूर होतात."

"एका कानावर म्हंजी?"

"डाव्या कानानं ऐकू येत नाही ना त्यांना."

"कुणाला?"

"छकुलीताईंना. पडदा फाटलाय ना." आणि मग ऋषिराजचा चेहरा पडला, कारण समोरच्या माणसाला हे ठाऊक नाही, हे त्याला तेव्हा कळलं. "लग्नानंतर… म्हणजे मला वाटलं तुम्हाला…"

तात्याला ती वैशाखातली सकाळ पुन्हा दिसली. एवढ्या उन्हात पोरीनं ओढणी कानांवरून घट्ट गुंडाळलेली. तो उसाचं सांगत होता आणि ती सारखी 'आं?' म्हणत होती. दोनदा, तीनदा. शेवटी तो खेकसला होता, "लक्ष कुठं हाय गं तुजं?" आणि ती म्हणाली होती, "हितंच हाय, तात्या."

आई गं! तो जिन्यात आला आणि कठड्याला टेकून त्यानं घरी फोन लावला. प्रयागबाईनं पहिल्याच घंटीला उचलला, म्हणजे ती फोन हातात घेऊनच बसली होती.

"तुला ठावं व्हतं?"

"व्हय."

"कवापासनं?"

"तुमी तिला गाडीत बशिवली, त्याच रातीपासनं. तिनं फोन केला व्हता मला. कानातनं रगत येत व्हतं."

"आणि मला बोलली न्हाईस?"

"काय बोलू? तुमी पुन्यांदा गाडीत बशिवली असती." प्रयागबाईचा आवाज शांत होता. एवढा शांत, की तात्याला भीती वाटली. "पाच म्हैनं झालं तिनं सांगवी सोडून. बारामतीत खोली घेतलीया, कपडे शिवायच्या कारखान्यात जाती. सांगवीवाले लोकांना सांगत्यात सून म्हायेरी गेलीया. हितं तुमी लोकांना सांगताय लेक सासरी सुखात हाय. पोरगी कुठं हाय, ते दोन्ही घरांत मला एकटीला ठावं."

"पाच म्हैनं!" तात्या म्हणाला. पाच महिने तो पारावर बसून जावयाच्या ट्रॅक्टरचं कौतुक सांगत होता. "आगं, माझ्या घरात, माझ्या नाकाखाली…"

"तुमी इचारलंच कुठं कवा?" प्रयागबाई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

तात्या परत आत आला, तर ऋषिराजनं गाण्याखाली लोकांनी काय काय लिहिलंय, ते उघडून ठेवलं होतं. त्याला बिचाऱ्याला वाटलं, म्हाताऱ्याला जरा बरं वाटेल. तात्यानं चष्मा लावून वाचलं. बहुतेक बायाच होत्या. एकीनं लिहिलं होतं, 'माझं गाणंबी ह्याच तात्यांनी लिहिलं होतं, अकरा वर्षं झाली. सगळा मांडव रडला. मला तर लग्नच करायचं नव्हतं.' दुसरी निमगावची. 'त्यांनी आमच्या आईला माझी आवड विचारली. आई सांगत होती ती आवड माझ्या बहिणीची होती.' तिसरीनं एवढंच लिहिलं होतं, 'मला पण शेवटचं कडवं पाहिजे होतं.'

तात्यानं चष्मा काढला. तीनशे गाणी! त्यातल्या एका तरी पोरीला त्यानं विचारलं होतं का, की बाई, तुझं काय? त्याला आठवेना. एकीचंही नाव त्या अंगानं आठवेना. चाळीस वर्षं ज्या कामाच्या जोरावर तो गावात मान ताठ करून चालला, ते काम त्यानं निम्मंच केलं होतं.

"ताईंची पाळी चारला सुटते," ऋषिराज हळूच म्हणाला. "आज नवीन गाण्यासाठी येणारेत. थांबताय का?"

तात्या बसून राहिला. मांडीवरची भाकरी तशीच राहिली. आपण काय बोलायचं, ह्याची त्यानं तीन-चारदा जुळणी केली आणि दर वेळी मोडली. माफी मागायची? बापानं लेकीची? त्यांच्या घराण्यात असलं कधी कुणी केलं नव्हतं. युवराजला जाऊन कानाखाली काढायची? त्यानं पोरीचा कान परत येणार होता थोडाच.

सव्वाचारला जिन्यात पावलं वाजली. छकुली आली. अंगावर कारखान्याचा निळा ॲप्रन, केसांत कापसाचे धागे अडकलेले. तब्येत खराब झाली होती, पण चाल ताठ झाली होती. दारात आली आणि बापाला बघून जागच्या जागी थबकली. हातातली चावी घट्ट धरली तिनं. "तात्या? आईला काय झालं का?"

"न्हाय. आई बरी हाय." तात्या उठून उभा राहिला. सगळी जुळणी कुठल्या कुठं गेली आणि तोंडातून निघालं ते एवढंच, "छकुले, घरी चल."

"कशाला?" ती म्हणाली. "चहा प्यायला?"

ऋषिराज गडबडीनं 'चहा' ह्याच शब्दाचा आधार घेऊन "मीच आणतो खालून" म्हणत सटकला. बापलेक समोरासमोर उभे राहिले. तात्याच्या आयुष्यात त्याला कुणी असं बोललं नव्हतं, आणि गंमत म्हणजे त्याला रागच येईना. रागाची जागाच शिल्लक नव्हती.

"तुमाला गाणं बंद करायचं असंल तर मी करणार न्हाय," छकुली म्हणाली. "तुमचं नाव खराब झालं असंल तर होऊ दे. तुमचं नाव पयलं लिवलंय मी. खोटं एक अक्षर घातलं न्हाय त्यात."

"न्हाय घातलंस," तात्या म्हणाला.

एवढ्या लवकर तो कबूल करेल, ह्याची तिनं तयारी केलेली नव्हती.

तात्या खाली बसला. खुर्चीत नाही, फरशीवर. गुडघे कुरकुरले. मग त्यानं ते विचारलं. गाण्यासाठी तीनशे आयांना हजार प्रश्न विचारणाऱ्या माणसाला हे तीन शब्द तोंडातून काढायला घाम फुटला.

"काय झालं व्हतं?"

"आत्ता इचारताय?"

"आत्ता इचारतोय. उशीर झाला, मला कळतंय. पर इचारतोय."

छकुली भिंतीला पाठ टेकून खाली सरकली, ॲप्रनचं टोक बोटाला गुंडाळत सांगायला लागली. आवाज सपाट होता, बाजारातला भाव सांगावा तसा. सकाळची वेळ होती. ती पीठ मळत होती. मळता मळता तेच पाठवणीचं गाणं म्हणत होती, सवयीनं. युवराज आत कुणाशी फोनवर बोलत होता. तिच्या आवाजानं त्याला पलीकडचं ऐकू येईना. एकदा म्हणाला, गप. तिला ते ऐकू गेलं नाही, गाण्यात होती ती. मग तो बाहेर आला.

"पीठ मळत व्हते मी, हात माखलेले सारे," ती सांगत होती. "हात वर करायच्या आत डोळ्यापुढं तारे. भिंतीला जाऊन लागले, परात सांडली खाली. सासू म्हनली, पीठ भर आधी, मग बघू कान…"

तिच्या बोलण्याला तिच्या नकळत चाल आली होती. पोरगी कुणाची! तात्या ऐकत होता, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, दाढीतून गळ्यावर येत होतं. जावयाचं नाव आलं, की त्याचे दात एकमेकांवर दाबले जात होते.

छकुली एकदम थांबली. ती त्याच्या तोंडाकडं बघत नव्हती. त्याच्या गुडघ्याकडं बघत होती.

"तात्या, बोटं," ती म्हणाली.

तात्यानं खाली पाहिलं. त्याच्या उजव्या हाताची बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती. आठ अक्षरं, मग आठ, मग पुन्हा आठ. गाणं जुळायला लागलं, की ती अशीच आपोआप चालायची. पोरीच्या कानातनं रक्त आलं होतं, ती ते सांगत होती, आणि ही बोटं मोजत होती. तात्यानं त्या हाताकडं असं बघितलं, की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

"ह्याच्यावर गाणं करू नका," छकुली म्हणाली. "एवढ्याचं करू नका."

"न्हाय गं करत. आईशप्पथ न्हाय करत," तात्या म्हणाला. त्यानं दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर सगळा भार देऊन बसला. "सांग. नुसतं सांग."